पाय साथ देत नव्हते, तरी जगाला इंग्रजी व्याकरण शिकवणारे लिंडले मरे

नाउन, प्रोनाउन, व्हर्ब, ॲडव्हर्ब... शाळेत पाठ केलेली ही यादी घराघरात पोहोचवण्यात एका निवृत्त वकिलाचा मोठा वाटा आहे. त्यांचं नाव लिंडले मरे.

मरे यांचा जन्म १७४५ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात, एका क्वेकर कुटुंबात झाला. वडील व्यापारी. मुलाने धंदा सांभाळावा ही त्यांची इच्छा, तर मुलाला पुस्तकांची ओढ. वडिलांवर रागावून ते एकदा घरातून पळून गेले आणि थेट एका निवासी शाळेत दाखल झाले! पुढे त्यांनी न्यूयॉर्कमध्ये वकिली केली, व्यापारातही पैसा कमावला.

पण पायांतली ताकद कमी होऊ लागली. हवापालटाने बरं वाटेल या आशेने १७८४ साली ते पत्नी हॅना यांच्यासह इंग्लंडला गेले आणि यॉर्कजवळच्या होलगेट गावात राहिले. आजार काही हटला नाही. चालणं जवळजवळ थांबलं.

यॉर्कमध्ये क्वेकर मुलींची एक शाळा होती. मुलींना समजेल असं व्याकरणाचं पुस्तक तिथल्या शिक्षिकांना हवं होतं. त्यांनी मरे यांना गळ घातली आणि १७९५ साली 'इंग्लिश ग्रामर' छापून आलं.

त्यात इंग्रजी शब्दांच्या ९ जाती होत्या : आर्टिकल, नाम, विशेषण, सर्वनाम, क्रियापद, क्रियाविशेषण, प्रीपोझिशन, कंजंक्शन आणि इंटरजेक्शन. महत्त्वाचे नियम मोठ्या टाइपात, बारकावे लहान टाइपात. १७९७ साली सरावाचं वेगळं पुस्तक आलं. चुकीचं वाक्य दुरुस्त करायचा प्रश्न त्यातही होता!

मरे यांना 'इंग्रजी व्याकरणाचे जनक' म्हटलं जातं. पण हे नियम त्यांनी शोधलेले नव्हते. रॉबर्ट लोथ यांच्यासारख्या आधीच्या लेखकांचं साहित्य निवडून त्यांनी ते सोपं करून मांडलं. पुस्तकांच्या लाखो प्रती खपल्या. मिळालेला पैसा त्यांनी दानधर्माला दिला.

अखेरची बरीच वर्षं ते घराबाहेर पडू शकले नाहीत. १८२६ साली त्यांचं निधन झालं.

दहा वर्षांनी, १८३६ साली, दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचं मराठी व्याकरण प्रसिद्ध झालं, तेही इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. मरे यांच्या ९ जातींतून आर्टिकल वगळा, कारण मराठीत ते नाहीच. उरतात ८. मराठी शाळेत शिकवल्या जाणाऱ्या शब्दांच्या जातीही आठच!