व्हॅनिलाच्या शेंगेमागचा एडमंड

मैत्रिणींनो, घरी केक करायचा म्हटलं की व्हॅनिला इसेन्सची छोटी बाटली आपण हमखास काढतो. बाटलीतला तो वास बहुतेक वेळा कृत्रिमच असतो. खरा व्हॅनिला मिळतो ऑर्किडच्या कुळातल्या एका वेलीच्या शेंगेतून. ही शेंग जगभर पोचली ती एका बारा वर्षांच्या गुलाम मुलामुळे. त्याचं नाव एडमंड आल्बियस. त्याची गोष्ट वाचल्यापासून ती मला तुम्हाला सांगायचीच होती.

एडमंडचा जन्म १८२९ सालचा, मॉरिशसजवळच्या रियुनियन बेटावरचा. तिथे फ्रेंचांचं राज्य होतं. आई बाळंतपणातच गेली. शाळा नाहीच. बेलिए-बोमाँ या मालकामागे बागेत फिरता फिरता पोराला झाडाफुलांची चांगली जाण आली.

व्हॅनिला मूळची मेक्सिकोची. फ्रेंचांनी ती बेटावर लावली. वेल वाढायची, फुलायची, पण शेंग काही धरेना. तिच्या फुलात पराग आणि स्त्रीकेसर यांच्यामध्ये पातळ पडदा असतो आणि तो ओलांडून पराग पोचवणारे कीटक बेटावर नव्हते. शिवाय फूल सकाळी उमलतं नि दुपारपर्यंत कोमेजतं.

मालकाने एडमंडला टरबुजाचं नर फूल मादी फुलाला कसं लावायचं ते शिकवलं होतं. आपल्यापैकी काहीजणी परसातल्या गिलक्याला असंच करतात. १८४१ साली मालकाला व्हॅनिलाच्या वेलीवर चक्क दोन शेंगा दिसल्या. हे आपलंच काम, असं एडमंडने सांगितलं, पण मालकाला आधी खरं वाटेना. मग पोराने करून दाखवलं. बारीक काडीने पडदा वर उचलायचा आणि अंगठ्याने पराग हलकेच दाबायचे, झालं! मग आजूबाजूचे मळेवाले त्याला शिकवायला बोलावू लागले. बेटावर व्हॅनिलाचा व्यापार उभा राहिला.

एडमंडला काय मिळालं? १८४८ मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा स्वातंत्र्य आणि आल्बियस हे आडनाव, बस! शहरात नोकरी करताना चोरीच्या आरोपात तुरुंग झाला. एका नामवंत वनस्पतितज्ज्ञाने तर ही युक्ती मीच शिकवली, असा दावा केला. तेव्हा जुना मालकच एडमंडच्या बाजूने उभा राहिला. १८८० मध्ये एडमंड गरिबीतच वारला.

ही वेल आपल्याकडे लावता येईल का? शेतात नको. तिला कोकणासारखी दमट हवा लागते, आपलं चाळीस-पंचेचाळीस अंशांचं ऊन सोसत नाही. हौसेखातर मात्र शेडनेटच्या सावलीत लावून बघा. हातभर लांबीचं फाटं घ्या, कुंडीत भुसभुशीत पालापाचोळ्याचं खत घाला, चढायला खांब द्या. ओल ठेवा, पण पाणी साचू देऊ नका. फुलं यायला साधारण तीन वर्षं लागतात. फूल आलंच, तर त्याच सकाळी एडमंडची काडी हातात घ्या. शेंग तयार व्हायला पुढे आठ-नऊ महिने धीर धरावा लागतो.

आजही जगभरच्या मळ्यांत हीच रीत चालते. रियुनियनमध्ये हे काम मुख्यतः बायका करतात, त्यांना तिकडे फुलांची लग्नं लावणाऱ्या म्हणतात. संकरित कपाशीचं बियाणं तयार करतानाही एकेका फुलाला हाताने पराग लावतात त्या बहुतेक बायका आणि मुलीच. पाकिटावर नाव असतं कंपनीचं. पुढच्या वेळी बियाण्याचं पाकीट फोडाल, तेव्हा त्या हातांची आठवण जरूर ठेवा.