तोंड हीच लॅब

हॉलंडमधल्या डेल्फ्टचा कापडव्यापारी ल्युवेनहॉक (१६३२-१७२३) मला भारी आवडतो. ना डिग्री, ना लॅटिन. भिंगं मात्र स्वतः बनवायचा. १६८३ साली त्याने स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर पावसाच्या पाण्यात कालवून पाहिला, तर आत जीव वळवळत होते! आणि हा गडी रोज मिठाने दात घासणारा. कधीच दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याच्या तोंडात तर जत्राच. (आपल्या विंगमधले काही महाभाग आठवले.) पुढे गरम कॉफीनंतर समोरच्या दातांवरचे जीव मेलेले, दाढांमधले जिवंत, हेही त्याने टिपलं. आज लॅबमध्ये डिशमध्ये वाढवलेल्या हिरडीच्या पेशींवर तोंडातले जंतू सोडून बघतात. याच्याकडे डिश नव्हती, तोंड होतं. भिंगं बनवायची खास पद्धत मात्र नव्वदीत जाईपर्यंत त्याने कुणाला सांगितली नाही.