पिशवीच्या टाक्यामागचा माणूस : शिरोड्याचे डॉ. विठ्ठल शिरोडकर

पोटुशी बाईच्या घरच्यांना कधी कधी डॉक्टर सांगतात, पिशवीचं तोंड सैल आहे, टाका घालावा लागेल. ऐकून घरचे घाबरतात. पण या टाक्याने कितीतरी घरांत पाळणा हलला आहे, आणि तो शोधणारा माणूस गोव्याचा.

डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म १८९९ चा, गाव शिरोडा. मिठाच्या सत्याग्रहाचं वेंगुर्ल्याकडचं शिरोडा नव्हे, हे फोंडा तालुक्यातलं. शाळा हुबळीला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १९२३ ला डॉक्टर, १९२७ ला एम.डी., मग १९३१ ला इंग्लंडची एफ.आर.सी.एस. परत आल्यावर जे.जे. हॉस्पिटल आणि कॉलेजातलं शिकवणं.

त्यांच्याकडे अशा बायका यायच्या, ज्यांचं मूल दरवेळी चौथ्या ते सातव्या महिन्यात पडायचं. कळा फारशा नाहीत, तरी बाळ बाहेर. एकदा नाही, चार-चार वेळा. बहुतेकींना सांगणं एकच, पडून राहा. घरात मात्र दोष तिच्या नशिबाला, नाहीतर करणीला. शिरोडकरांनी नशीब बाजूला ठेवलं आणि पिशवीचं तोंड बघितलं. काहींचं ते मुळात कमजोर असतं किंवा आधीच्या इजेने होतं. बाळ वाढलं, भार आला की मुदतीआधीच उघडतं. पोत्याचं तोंड सैल असलं तर धान्य सांडणारच, त्यात पोत्याचा काय गुन्हा?

मग बाईच्याच मांडीतल्या चिवट पडद्याची पट्टी काढून त्यांनी ती पिशवीच्या तोंडाभोवती ओवली आणि आवळली. तेही बाळ पोटात असताना! १९५५ मध्ये हे छापून आलं आणि जगभर शिरोडकर टाका म्हणून गेलं. पुढे मांडीच्या पट्टीऐवजी तयार फीत आली. १९५७ ला ऑस्ट्रेलियाच्या डॉ. मॅकडोनाल्ड यांनी सोपी पद्धत काढली, आज तीच जास्त वापरतात.

अंग बाहेर येण्याच्या त्रासावरही, पिशवी न काढता वर टांगून धरायचं ऑपरेशन त्यांनी बसवलं. १९६० ला पद्मभूषण, १९७१ ला पद्मविभूषण मिळालं. त्याच वर्षी ते गेले.

एक ध्यानात ठेवा, प्रत्येक गर्भपातावर हा टाका नाही. पहिल्या तीन महिन्यांत पडतं त्याची कारणं वेगळी. टाका साधारण ३७ व्या आठवड्याला काढतात. त्याआधी कळा आल्या किंवा पाणी गेलं तर लगेच दवाखाना गाठा आणि टाका आहे हे आधी सांगा.