ऋणमोचनाचा मार्ग : श्रीगाडगेमहाराज

मनुष्य देव, ऋषी व पितर यांच्याप्रमाणेच मनुष्यमात्राचाही ऋणी होऊन जन्मास येतो, असे शतपथ ब्राह्मणात प्रतिपादिले आहे. हे चौथे ऋण आश्रय व अन्न देऊन फेडावयाचे असते. श्रीगाडगेमहाराजांनी हा ग्रंथ कधी वाचला नाही. त्यांस अक्षरओळखही नव्हती. परंतु त्यांचे सारे चरित्र म्हणजे या एका वचनाचे आचरण होय.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुळात झाला. पितृछत्र बालपणीच हरपल्यामुळे ते दापुरे येथे आजोळी वाढले. गुरे राखली, शेत कसले. १९०५ साली त्यांनी गृहत्याग केला. अंगावर चिंध्या, हाती खराटा व मातीचे गाडगे एवढाच त्यांचा संसार. दिवसा गाव झाडावा आणि रात्री कीर्तनातून लोकांची मने झाडावीत, हा त्यांचा नित्यक्रम होता.

पूर्णेच्या तीरावरील ऋणमोचन या क्षेत्री त्यांनी लोकसाह्याने घाट बांधविला. तेथील पौषातील यात्रेत आंधळे, पांगळे व निराधार यांस ते अन्नवस्त्र देववीत. मात्र एका दिवसाच्या पंगतीने वर्षाची भूक भागत नाही, हे ते जाणून होते. म्हणून त्यांनी नाशिक, आळंदी, पंढरपूर अशा ठिकाणी कायमच्या धर्मशाळा उभविल्या. पंढरपुरास ज्यांना अस्पृश्य म्हणून कोणी थारा देत नसे, त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा झाली. मुंबईत रुग्णांच्या आप्तजनांची निवाऱ्याची सोय झाली. आंधळ्या-पांगळ्यांस औषधोपचार मिळावा, हे त्यांच्या उपदेशाचे एक प्रधान सूत्र होते.

या कार्यास लागलेले द्रव्य समाजाचेच होते. ते समाजाने देणे हा उपकार नसून कर्तव्य आहे, अशी त्यांची धारणा होती. स्वतः मात्र ते त्या वास्तूंच्या छायेस कधी विसावले नाहीत. चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेस अर्पण केली. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर वलगावनजीक पेढी नदीच्या काठी त्यांनी देह ठेविला.

महाराजांनी मठ स्थापिला नाही, शिष्यही केला नाही. मठाच्या वर्धापनोत्सवी त्यांचे स्मरण करताना ही गोष्ट आम्हा मठवासीयांस अंतर्मुख करणारी आहे. उत्सवाची पंगत उठते, मंडप उतरतो. परंतु ज्या वृद्धास पायरी चढवत नाही व ज्या अंधास वाट दिसत नाही, त्यांचे उद्याचे अन्न कोठून यावयाचे? त्याची तजवीज ज्या दिवशी नित्यपूजेइतकीच नेमाची होईल, त्या दिवशी आपले ऋण फिटू लागले असे म्हणता येईल.