गळ आणि लेखणी : आयझाक वॉल्टन

पेडणे तालुक्याच्या उत्तर सीमेवरून तेरेखोल आणि दक्षिण सीमेवरून शापोरा वाहते. डिचोलीकडची वाळवंटी पुढे मांडवीस जाऊन मिळते. या पाण्याच्या काठी वाढलेल्या मुलाला गरी टाकणे मुद्दाम शिकवावे लागत नाही. भरतीच्या वेळी मानशीच्या तोंडाशी काठी धरून बसले की चोणक नाही तर तांबोसा लागेल, या आशेवर तास दोन तास सहज निघून जातात. घरची वडील माणसे अशा मुलाला आळशी म्हणतात, आणि ते पुष्कळदा खरेही असते! परंतु याच आळसावर एका इंग्रज दुकानदाराने १६५३ साली एक लहानसे पुस्तक लिहिले. ते आजतागायत पुनःपुन्हा छापले जात आहे. त्या पुस्तकाचे नाव ‘द कंप्लीट अँग्लर’, आणि त्या दुकानदाराचे नाव आयझाक वॉल्टन. त्याचेच चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

वॉल्टनचा जन्म १५९३ साली इंग्लंडातील स्टॅफर्ड या गावी झाला. तो चार वर्षांचा होण्यापूर्वीच त्याचे वडील वारले. विद्यापीठाचे शिक्षण त्याला लाभले नाही. पोरवयातच तो लंडनला उमेदवारीसाठी गेला. १६१८ मध्ये तो लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्यांच्या संघाचा सभासद झाला; पण त्याचे दुकान बहुधा कापडाचे होते. हे दुकान फ्लीट स्ट्रीटच्या वस्तीत होते, आणि जवळच्याच सेंट डन्स्टन चर्चमध्ये कवी जॉन डन हा धर्मोपदेशक होता. डनसारख्या विद्वानाची आणि या दुकानदाराची मैत्री जमली.

पुढे डनचे चरित्र लिहिण्याचे काम सर हेन्री वॉटन यांनी अंगावर घेतले होते आणि वॉल्टन त्यांना माहिती जमवून देत होता. वॉटन स्वतः गळाचे मोठे शौकीन. दोघे मिळून नदीवर जात. १६३९ मध्ये वॉटन वारले आणि चरित्र तसेच राहिले. तेव्हा वॉल्टनने भीत भीत लेखणी हाती घेतली. १६४० मध्ये त्याने लिहिलेले डनचे चरित्र प्रसिद्ध झाले. पुढे त्याने वॉटन, हूकर, हर्बर्ट आणि सँडरसन यांचीही चरित्रे लिहिली.

बाहेरून पाहणाऱ्याला हे आयुष्य सुखाचे वाटेल. प्रत्यक्षात त्याच्या पहिल्या पत्नीपासून झालेली सातही मुले लहानपणीच गेली, आणि १६४० साली पत्नीही गेली. पाठोपाठ १६४२ मध्ये इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटले. वॉल्टन राजपक्षाचा होता. १६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद झाला. १६५१ मध्ये वूस्टरच्या लढाईत राजपुत्र चार्ल्सचा मोड झाला, तेव्हा त्याचे एक मौल्यवान रत्नपदक मागे राहिले होते. ते लपवून लंडनला पोहोचविण्याचे काम या साठीला टेकलेल्या माणसाने केले. पदक सापडले असते तर जिवावरचाच प्रसंग होता. अशा दिवसांत, लढाईनंतर दोनच वर्षांनी, नदीकाठच्या शांततेवरचे ते पुस्तक निघाले, हे आम्हांस विशेष वाटते. ज्याने इतके गमावले, त्याने तक्रारीचा एक ग्रंथ लिहिला असता तरी कोणी त्याला नावे ठेवली नसती.

पुस्तकाची किंमत होती दीड शिलिंग, आणि मुखपृष्ठावर लेखकाचे नावही नव्हते. लंडनच्या उत्तरेस ली नावाची नदी आहे. तिच्या वाटेवर एका वसंतातल्या सकाळी गळ टाकणारा आणि एक वाटसरू यांची गाठ पडते, आणि मग बोलता बोलता एकेका माशाची हकीकत निघत जाते. मध्येच पाऊस येतो, झाडाखाली आडोसा घेतात, गवळण गाणे म्हणते, खाणावळीत मासा शिजतो. शाळेतल्या पाठ्यपुस्तकासारखे हे पुस्तक बिलकूल नाही. १६५५ च्या दुसऱ्या आवृत्तीत वॉल्टनने त्यात इतकी भर घातली की तेराची एकवीस प्रकरणे झाली.

या पुस्तकातले पाइक माशाचे प्रकरण आमच्या मुलांना फार आवडेल. नाव पाइक असले तरी हा कोणाचा पाईक नव्हे. वॉल्टनने त्याला गोड्या पाण्याचा जुलमी राजाच ठरविले आहे. युरोप, उत्तर आशिया आणि उत्तर अमेरिका येथील थंड पाण्यात तो राहतो. आपल्या नद्यांत तो नाही. अंग लांबट, जबडा बदकाच्या चोचीसारखा चपटा, आणि तोंडात आत वळलेल्या तीक्ष्ण दातांच्या रांगा. एकदा धरलेले भक्ष्य त्या दातांतून सुटत नाही. पाणवनस्पतींच्या आड तो निश्चल उभा राहतो आणि भक्ष्य टप्प्यात येताच बाणासारखा सुटतो. मासे, बेडूक, बदकाची पिल्ले, इतकेच काय स्वतःच्याच जातीची लहान पोरेही त्याला चालतात. त्याच्या दातांनी साधी दोरी तुटते म्हणून गळाजवळ तार लावावी, असे वॉल्टनने सांगून ठेवले आहे. आजही पाइक धरणारे तेच करतात.

मात्र याच प्रकरणात वॉल्टन चांगलाच फसलेलाही आहे. काही पाइक एका पाणवनस्पतीपासून उन्हाच्या उबेने उत्पन्न होतात, असे त्याने जुन्या ग्रंथांवर विसंबून लिहिले. इटलीत फ्रान्चेस्को रेदी याने मांसातल्या अळ्या माशीच्या अंड्यांपासूनच होतात हे प्रयोगाने दाखविले ते १६६८ साली. त्याच वर्षी वॉल्टनच्या पुस्तकाची चौथी आवृत्ती निघाली, आणि वनस्पतीपासून मासा होण्याची कथा तिच्यात तशीच होती. सम्राट फ्रेडरिकने कल्ल्यात कडे अडकवून सोडलेला पाइक दोनशेहून अधिक वर्षांनी सापडल्याची कथाही त्याने दिली आहे. त्या माशाचा म्हणून जपलेला सांगाडा पुढे तपासला गेला, तेव्हा त्यात मणके फाजील निघाले! अनेक मासे जोडून तो एक केलेला होता.

दुसरी गोष्ट बेडकाची. पाइकसाठी जिवंत बेडूक गळाला कसा लावावा हे वॉल्टन सांगतो, आणि लावताना त्याच्याशी मायेने वागावे असेही वर बजावतो. कवी बायरनने १८२३ मध्ये या वृत्तीवर कडक टीका केली. वॉल्टनवर आमचा लोभ असला तरी बेडकाच्या बाबतीत आम्ही बायरनच्या बाजूचे आहोत.

गळ टाकण्याचा दुसरा प्रकार म्हणजे कृत्रिम माशीचा. पिसे, रेशीम आणि लोकर बारीक गळावर बांधून पाण्यावरच्या किड्याचे हुबेहूब सोंग करायचे. या माशीला वजन नसते, म्हणून ती फेकता येत नाही. दोरीच हवेत खेळवावी लागते आणि तिच्यामागून माशी पाण्यावर उतरते. त्या काळी ही दोरी घोड्याच्या केसांची वळीत. ही विद्या वॉल्टनला बेताचीच येत होती, आणि आपण यातले बरेच दुसऱ्याकडून घेतले आहे हे त्याने लपविले नाही. त्याचा तरुण स्नेही चार्ल्स कॉटन मात्र यात निष्णात होता. दोघांच्या वयात सदतीस वर्षांचे अंतर! १६७६ च्या पाचव्या आवृत्तीसाठी वॉल्टनने माशीचा सगळा भाग कॉटनकडून लिहवून घेतला, आणि कॉटनने तो थोड्याच दिवसांत पुरा केला. त्र्याऐंशी वर्षांच्या ग्रंथकाराने स्वतःच्या गाजलेल्या पुस्तकात दुसऱ्याला असा निम्मा पाट द्यावा, याचे आम्हांस कौतुक वाटते.

त्या वेळी माशीने धरीत ते ट्राऊट आणि ग्रेलिंग. आता पाइकसाठीही वीतभर लांबीची पिसांची माशी बांधतात, तार लावतात, आणि धरलेला मासा पुष्कळजण परत सोडून देतात. ऑस्ट्रेलियात बॅरामुंडी नावाच्या माशामागे लोक अशीच माशी घेऊन हिंडतात. हा बॅरामुंडी म्हणजे दुसरा तिसरा कोणी नसून आपला चोणकच होय.

१५ डिसेंबर १६८३ रोजी नव्वदाव्या वर्षी वॉल्टन विंचेस्टर येथे मुलीच्या घरी वारला. तेथल्याच कॅथीड्रलमध्ये त्याला पुरले. स्टॅफर्डजवळच्या आपल्या शेताचे उत्पन्न काही अटींवर त्याने जन्मगावाला लिहून दिले होते : त्यातून गरीब घरच्या दोन मुलांना धंदा शिकण्यास पाठवावे, एका मुलीच्या लग्नास मदत करावी आणि हिवाळ्यात गरिबांना कोळसा द्यावा.

त्याच्या आठवणीची आणखी दोन ठिकाणे आहेत. कॉटनने १६७४ मध्ये डव्ह नदीकाठी बांधलेल्या लहानशा घराच्या दारावर दोघा मित्रांच्या नावांची आद्याक्षरे एकमेकांत गुंफलेली आहेत. दुसरे ठिकाण लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत. तेथे कॅझोबाँ या विद्वानाच्या स्मारकावर कोणीतरी आपल्या नावाची दोन अक्षरे आणि १६५८ हे साल कोरून ठेवले आहे. ती करामत पासष्टीला आलेल्या वॉल्टनचीच समजतात. वर्गातल्या बाकांवर नावे कोरणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना हे सांगावे की न सांगावे, याचा आम्ही बराच विचार केला.