ट्रिप फसली की आठवणारा माणूस

आधीच सांगून टाकतो. मी कॉन्व्हेंटचा, त्यामुळे माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका कृपया पोटात घालाव्यात. पण हा विषय मराठीतच लिहावासा वाटला.

मागच्या ऑगस्टमध्ये सलग सुट्ट्या आल्या आणि आम्ही हॉस्टेलचे अकरा जण गोव्याला निघालो. सगळं बुकिंग आम्हीच मोबाइलवर केलेलं. एजंटला कशाला पैसे द्यायचे, इंजिनिअर ना आपण! पुढे दरड कोसळली आणि गाडी एका छोट्याशा स्टेशनवर नऊ तास उभी. कस्टमर केअरला फोन लावला, तर नुसती गाण्याची धून. शेजारच्या डब्यात दुसऱ्या एका कॉलेजचा ग्रुप होता आणि त्यांच्याबरोबर एक टूरवाले काका. काकांनी आधी डोकी मोजली, मग गावातून पोहे मागवले आणि दोन तासांत बस उभी केली. ती पोरं हात हलवत निघून गेली. आम्ही बिस्किटाचा शेवटचा पुडा अकरा जणांत वाटून खाल्ला.

परत आल्यावर विचार केला, हे 'काका' नावाचं प्रोफेशन सुरू कोणी केलं? शोधता शोधता पोचलो थॉमस कुक या माणसापर्यंत. नाव आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण फक्त पाटीवर.

थॉमसचा जन्म २२ नोव्हेंबर १८०८ चा, इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यातल्या मेलबर्न गावातला. (ऑस्ट्रेलियातलं मेलबर्न नव्हे!) वडील लहानपणीच गेले. दहाव्या वर्षी शाळा सुटली आणि तो रोज एक पेनी मजुरीवर बागेत कामाला लागला. चौदाव्या वर्षी सुतारकाम शिकायला. पुढे बॅप्टिस्ट पंथाचा प्रचारक म्हणून गावोगाव हिंडला. १८२९ या एका वर्षात तो दोन हजार मैलांहून जास्त नुसता पायी चालला! प्रवासात पाय कुठे दुखतात, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

तो दारूबंदीच्या चळवळीतला कट्टर कार्यकर्ता होता. १८४१ च्या जूनमध्ये एका सभेसाठी तो लेस्टरला पायी निघाला होता. पंधरा मैलांची वाट. वाटेत त्याच्या मनात आलं, ही नवी रेल्वे आपल्या लोकांना सभेला का नेणार नाही? लगेच रेल्वे कंपनीशी बोलणी केली आणि ५ जुलै १८४१ ला सुमारे पाचशे माणसं लेस्टरहून लाफबरोला निघाली. अंतर सुमारे अकरा मैल, भाडं जाऊन-येऊन एक शिलिंग. डबे उघडे, वर छप्पर नाही, तरी लोक खूश. रेल्वेच्या सहली त्याआधीही निघत होत्या, पण थॉमसला यातून आयुष्याचं काम सापडलं.

आता खरी गोष्ट. १८४६ साली त्याने साडेतीनशे लोकांना घेऊन स्कॉटलंडची मोठी टूर काढली. आधी गाडीने फ्लीटवुड बंदर, तिथून बोटीने आर्ड्रोसन, पुन्हा गाडीने ग्लासगो आणि एडिनबरा. कागदावर प्लॅन एकदम झकास, पण प्रत्यक्षात पार विचका झाला. गाडीत टॉयलेट नव्हतं. प्रेस्टन स्टेशनवर कबूल केलेला चहा तयारच नव्हता. बोटीवर केबिन कमी पडल्या आणि पैसे भरलेल्या लोकांना गारठ्यात डेकवर रात्र काढावी लागली. ग्लासगोला बँड लावून जंगी स्वागत झालं खरं, पण चिडलेल्या पाहुण्यांना बँडचं काय कौतुक! त्याच वर्षी थॉमसचं दिवाळं निघालं.

आपण असतो तर हा धंदाच सोडला असता. थॉमस पुढच्याच वर्षी पुन्हा लोकांना घेऊन स्कॉटलंडला गेला.

१८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनाला त्याने सुमारे दीड लाख माणसं नेली, त्यात कारखान्यातले कामगार खूप होते. १८६२ मध्ये स्कॉटलंडच्या रेल्वे कंपन्यांनी त्याला सवलतीची तिकिटं देणं बंद केलं. एवढ्या वर्षांची जमवलेली वाट एका फटक्यात बंद! त्याने मोर्चा युरोपकडे वळवला. १८६३ मध्ये स्वित्झर्लंड, पाठोपाठ इटली, १८६९ मध्ये इजिप्त आणि पॅलेस्टाइन. बहुतेक वेळा तो स्वतः बरोबर असायचा.

पण एक माणूस किती ठिकाणी पुरणार? मग त्याने आणि मुलगा जॉन मेसन याने सिस्टिम बसवायला सुरुवात केली, आणि आपल्या इंजिनिअरिंगवाल्यांना इंटरेस्ट वाटावा असा भाग हाच आहे. १८६८ च्या सुमारास हॉटेलची कुपनं आली. पैसे आधीच भरलेले, त्यामुळे परक्या गावात मालकाशी घासाघीस नको. १८७३ मध्ये युरोपभरच्या गाड्यांचं टाइमटेबल छापलं, म्हणजे एक गाडी चुकली तर पुढची कोणती ते कळावं. १८७४ मध्ये सर्क्युलर नोट आली, ट्रॅव्हलर्स चेकची थोरली बहीणच म्हणा ना. रोकड जवळ बाळगायला नको. बघा, यातली प्रत्येक गोष्ट काहीतरी बिघडेल हे धरूनच केलेली आहे. प्लँटमध्ये स्टँडबाय पंप ठेवतात तसं.

१८७२ मध्ये त्रेसष्टाव्या वर्षी तो एका ग्रुपला घेऊन जगप्रदक्षिणेला निघाला. २२२ दिवसांच्या या प्रवासात तो भारतातही आला. कोलकाता आणि मुंबई रेल्वेने जोडली जाऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. त्या रुळांवरून तो मुंबईला आला आणि इथून बोटीने पुढे गेला.

मुंबईचा आणखी एक धागा आहे. त्या काळी हज यात्रेकरूंचे फार हाल व्हायचे. बोटीत माणसं कोंबलेली, आणि परतीचे पैसे नसल्याने कित्येक जण तिकडेच अडकायचे. १८८६ मध्ये ब्रिटिश भारत सरकारने यात्रेची व्यवस्था कुकच्या कंपनीकडे दिली. हे काम मुलाच्या कारकिर्दीतलं आणि ते काही वर्षंच चाललं. पण अडकलेल्याला परत कोण आणणार, हा प्रश्न तेव्हाही होताच.

घरात मात्र थॉमसचं गणित जुळलं नाही. मुलगा व्यवहारी, बाप धर्मादायात पैसे घालणारा. सत्तरीला आलेल्या थॉमसला धंद्यातून बाजूला व्हावं लागलं. १८८० मध्ये मुलगी ॲनी घरातल्या नव्या गॅस हीटरच्या धुराने बाथरूममध्ये गेली. चार वर्षांनी पत्नी मेरिअ‍ॅन. पुढे त्याची दृष्टी गेली. हजारो लोकांना सुखरूप घरी आणणारा हा माणूस शेवटी त्या घरात एकटाच उरला. १८ जुलै १८९२ ला लेस्टरमध्ये त्याचं निधन झालं.

आणि शेवटचा ट्विस्ट. २३ सप्टेंबर २०१९ ला, सुरुवातीनंतर १७८ वर्षांनी, त्याच्या नावाची ब्रिटिश कंपनी बुडाली. (भारतातली त्याच नावाची कंपनी २०१२ पासून वेगळ्या मालकीची, म्हणून ती वाचली.) तेव्हा सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवासी परदेशात होते. त्यांना दोन आठवड्यांत विमानांनी घरी आणलं. पॅकेज विकणाऱ्यांनी संकटासाठी एका फंडात पैसे भरायचे, असा नियम तिकडे आधीपासून होता. म्हणजे वाट दाखवणाराच बुडाला, तरी मागे कोणीतरी उभं होतं.

मला यातून एवढंच कळलं. ट्रिप कोणाचीही फसू शकते, खुद्द थॉमस कुकचीही फसली. एजंटला आपण देतो ते पैसे तिकीट काढण्याचे नसतात, ते तिकीट आपणही काढतो. ते पैसे रात्री अडीच वाजता फोन उचलणाऱ्या माणसाचे असतात. म्हणून पुढच्या ट्रिपला स्वस्त काय ते बघाच, पण बुकिंग करताना एक प्रश्न जरूर विचारा. गाडी अडकली तर फोन कोणाला करायचा?

आम्ही आता विचारतो. त्या स्टेशनवर काकांचा नंबर मागून घेतला होता, तो ग्रुपमधल्या अकराही जणांच्या मोबाइलमध्ये सेव्ह आहे!