उडता पाद्री

विमान म्हटले की आपल्याला राइट बंधू आठवतात. परंतु त्यांच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधी एका तरुण कॅथलिक धर्मगुरूने राजासमोर कागदी फुगा हवेत चढवून दाखवला होता, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

फादर बार्तोलोमेव द गुस्मांव यांचा जन्म १६८५ साली ब्राझीलमधील सांतुस या बंदरगावी झाला. त्यांचे शिक्षण येशूसंघीयांच्या सेमिनरीत झाले. सेमिनरी उंचावर होती आणि पाणी खालून आणावे लागे. हे कष्ट पाहून त्यांनी तरुण वयातच पाणी वर चढवणारे यंत्र बनवले. पुढे ते पोर्तुगालला गेले.

१७०९ साली त्यांनी हवेतून प्रवास करण्याच्या यंत्रासाठी राजा पाचवा जुआंव यांच्याकडे परवानगी मागितली. त्या काळी आपली वसईही याच राजाच्या अमलाखाली होती. ऑगस्ट महिन्यात लिस्बन येथे प्रयोग झाला. पहिल्या वेळी कागद पेटून गेला. पण फादरांनी हार मानली नाही. पुढील प्रयोगात खाली लावलेल्या ज्योतीने आतली हवा तापली, हलकी झाली आणि फुगा वर चढला. पाहणाऱ्यांत पोपचे राजदूत कार्डिनल कोंती होते. हेच पुढे पोप तेरावे इनोसंट झाले.

राजाने मान दिला, पण लोकांनी टवाळी केली. ‘उडता पाद्री’ हे नाव त्यांना चिकटले. माणूस वाहून नेणारे यंत्र काही त्यांच्या हातून झाले नाही. १७२४ साली इन्क्विझिशनच्या भीतीने त्यांना देश सोडावा लागला. त्याच वर्षी स्पेनमधील तोलेदो येथील इस्पितळात, वयाच्या अवघ्या ३९व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. धर्मगुरूलाच धर्माच्या न्यायसभेची भीती वाटावी, ही गोष्ट आपल्याला आजही अंतर्मुख करते.

१७८३ साली फ्रान्समध्ये माँगोल्फिए बंधूंच्या तापलेल्या हवेच्या फुग्यातून माणसे प्रथमच आकाशात गेली. फादरांचे अवशेष आज ब्राझीलमध्ये, साओ पावलोच्या कॅथेड्रलमध्ये सन्मानाने विसावले आहेत.

आपल्या घरांतही एखादा मुलगा किंवा मुलगी काही वेगळे करू पाहत असते. त्यांना नाव ठेवण्याआधी आपण या फादरांची आठवण करू या. बुद्धी हे परमेश्वराचेच दान आहे; तिला पंख फुटत असतील, तर आपण ते छाटू नयेत.